धुऱ्यावरचा लिंब

पत्र:

ताई, जय ख्रिस्त. मी जालना जिल्ह्यातला शेतकरी, वय ५८. गावात आमची वीस-बावीस ख्रिस्ती घरं आहेत, लहानसं चर्च आहे. थोरले भाऊ २०१२ ला वारले. त्याच साली दुष्काळ पडला. वहिनी एकट्या, पुतण्या शाळेत. म्हणून त्यांचं रान पाच-सहा वर्षं मीच बटईनं वाहिलं. दोघांचं रान लागून आहे. मधला धुरा, म्हणजे बांध, साडेपाचशे फूट लांब. खोटं बोलत नाही, तेव्हा आणि पुढंही दरवर्षी औताचं एखादं तास मी त्यांच्या बाजूला जास्त घेत गेलो. धुऱ्यावर लिंब (कडुलिंब) होता, तो आता माझ्या सोयाबीनमध्ये आहे, दहा फूट आत. दोन वर्षांखाली पुतण्या चार माणसांत म्हणाला, "काका, लिंब तुमच्या रानात कधी गेला?" मी त्याला झापलं. तेव्हापासून वहिनी बोलत नाहीत.

गेल्या साली संजीवन सभेत प्रभूनं मला स्पर्श केला. उभा राहून साक्ष दिली, मी पापी आहे, लोभी आहे म्हणालो, खूप रडलो. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी उपवास धरतो. पाळकसाहेब म्हणतात, क्षमा झाली, आता संशय धरू नका. पण झोप नाही. थोरला मुलगा म्हणतो, जुनं उकरू नका, कोर्टकचेरी होईल. ताई, पश्चात्ताप म्हणजे आणखी काय करायचं असतं? की देवानं मला क्षमा केलीच नाही?

उत्तर:

भाऊ, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र चार पानांचं होतं, जागेपायी आखूड करून छापलंय. त्यातली साडेतीन पानं तुमच्या रडण्याची, उपवासाची, न येणाऱ्या झोपेची. लिंबाला मिळाली एक ओळ. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच ओळीला अडखळले. झाड काही चालत आलेलं नाही. ते जिथं उगवलं तिथंच आहे, धुरा तेवढा सरकत गेला. तुमच्या गावात बैल पाजायला निघालेल्या माणसालाही रस्त्यावरून दिसत असणार की सोयाबीनच्या मधोमध लिंब उभा आहे आणि पेरताना तिफण त्याला वळसा घालून जाते. शेताच्या मध्ये लिंब कुणी मुद्दाम राखत नाही, सावलीखालचं पीक मार खातं. तुम्ही तो तोडला नाहीत. का तोडला नाहीत, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही आणि मीही विचारत नाही. पण तुमच्याबद्दल मला जी आशा वाटते ती त्या न तोडलेल्या झाडामुळं वाटते, हे सांगून ठेवते.

आता तुमचा प्रश्न. आधी शब्दापासून सुरू करते, कारण घोटाळा बराचसा शब्दातच आहे.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'पश्चात्ताप' हा शब्द आहे. पश्चात् आणि ताप. नंतर होणारा दाह. शब्द सुंदर आहे, आपल्या संतांच्या 'अनुतापा'चा सख्खा भाऊ. पण त्यात नुसता ताप आहे. माणूस आतून पोळतोय एवढंच तो सांगतो, पोळलेला माणूस पुढं काय करतो ते सांगत नाही. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या तोंडी जो इब्री शब्द सारखा येतो तो आहे 'शूब'. त्याचा अर्थ साधा आहे: मागं फिर. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस ज्या पायांनी गेला त्याच पायांनी परत येतो, ते शूब. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया'. म्हणजे मन पालटणं, सगळी समजच उलटी होणं. कालपर्यंत जे 'माझं' वाटत होतं ते आज 'तिचं' दिसू लागणं. या दोन्ही शब्दांत डोळ्यांतल्या पाण्याचा उल्लेख नाही. पाणी आलं तर येऊ द्यावं, योएल संदेष्टा तर रडत, उपवास करत या असंच म्हणतो. पण लगेच पुढं तो बजावतो की वस्त्रं फाडू नका, अंतःकरणं फाडा. सगळ्यांसमोर अंगरखा फाडून दाखवणं सोपं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्याकडं दुसरा घोटाळा 'प्रायश्चित्ता'चा. गावकीनं दंड ठोठावावा, माणसानं तो भरावा, जेवण घालावं आणि परत पंगतीत बसावं, ही रीत आपल्या मातीत इतकी मुरलेली आहे की ख्रिस्ती झालो तरी ती हाडातून गेली नाही. उपवास हा आपण दंडासारखा भरतो. इतके शुक्रवार झाले, आता खातं मिटलं असेल. युरोपातही हा गोंधळ झाला होता. ग्रीक शब्दाचं लॅटिन करताना ते असं झालं की 'मन पालटा'च्या जागी लोक 'प्रायश्चित्त करा' असं वाचू लागले. १५१७ साली मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकानं जे पंच्याण्णव मुद्दे मांडले त्यांतला पहिलाच मुद्दा याच्याविरुद्ध आहे: प्रभूनं पश्चात्ताप करा म्हटलं, तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचं होतं. चाळीस दिवसांचा करार नव्हे. कॅथलिक बांधवांनी यावरून आपल्याला हसू नये आणि आपण त्यांना, कारण त्यांच्याकडं प्रायश्चित्त संस्कारात तुम्ही धर्मगुरूसमोर हेच सांगितलं असतंत तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता की जमीन परत केलीत का.

तुमच्या साक्षीबद्दल थोडं कडू बोलते. तुम्ही उभे राहून म्हणालात, मी पापी आहे, लोभी आहे. मंडळी 'हालेलुया' म्हणाली. भाऊ, पापी म्हणवून घ्यायला आपल्याला काही लागत नाही. आपण सगळे पापी, असं दर रविवारी पापांगीकारात एका सुरात म्हणतोच. 'मी वहिनीचं रान कोरलं' असं म्हणायला मात्र धाडस लागतं. पहिल्या वाक्यानं माणूस नम्र दिसतो. दुसऱ्या वाक्यानं चोर दिसतो. त्या सभेत तुमच्या वहिनी होत्या का? असतील तर बायकांच्या बाजूला बसून त्यांनी तुमचं रडणं पाहिलं असणार आणि त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी कालपासून करतेय. ज्याच्याकडं आपले दहा फूट आहेत तो माणूस देवासमोर ढसाढसा रडतोय, लोक त्याच्या पाठीवर हात ठेवतायत, आणि उद्या सकाळी तो त्याच दहा फुटांत औत घालणार आहे.

दावीद राजाचं एक्कावन्नावं स्तोत्र तुम्ही पत्रात लिहिलंय. "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे." या ओळीचा आडोसा अनेकांनी घेतलाय. पाप देवाविरुद्ध, तर हिशेबही देवाशीच, मध्ये माणूस कशाला? पण दावीद ते कुणापुढं म्हणतोय ते बघा. त्यानं उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढं घालून मारवलं. माफी मागायला उरीया जिवंतच नव्हता. दावीदाला जाण्यासाठी ते एक घर उरलं नव्हतं. तुमच्या वहिनी जिवंत आहेत, शंभर पावलांवर राहतात, सकाळी शेण काढताना तुम्हाला दिसतात. तुम्हाला दावीदाची ओळ उसनी घेता येत नाही.

आणि नाथान संदेष्ट्यानं दावीदाला जागं कसं केलं? 'तू पापी आहेस' असं म्हणून नव्हे. त्यानं एका श्रीमंताची गोष्ट सांगितली, ज्याच्याकडं मेंढरांचे कळप होते आणि तरी त्यानं गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. दावीद संतापून म्हणाला, त्यानं चौपट भरून दिलं पाहिजे. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. तुमच्या पुतण्यानं लिंबाचं विचारलं तेव्हा तो तुमचा नाथानच होता की. दावीदानं नाथानाला झापलं नाही एवढाच फरक.

शास्त्रात तुमच्या पापाचं नावानिशी वर्णन आहे, हे तुम्हाला कुणी दाखवलंय का ते मला माहीत नाही. 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले लोक, मोठ्यानं शाप वाचतात आणि सगळे लोक 'आमेन' म्हणतात. त्यातला तिसराच शाप शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला आहे. मूर्ती करणारा, आईबापांचा अपमान करणारा, आणि लगेच धुरा कोरणारा! आपल्या मंडळ्यांत मूर्तीवर पुष्कळ प्रवचनं होतात. धुऱ्यावर मी आजवर एक ऐकलेलं नाही, आणि मी पाळकाच्या घरात वाढलेली आहे. मराठवाड्यात या एका विषयावर वर्षभर प्रवचनं पुरली असती.

नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात हेच पुन्हा येतं आणि तिथं ते तुमच्या फार जवळ येतं. जुनी सीमा सरकवू नको, पोरक्यांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा कैवार घेणारा बलवान आहे. त्या कैवाऱ्यासाठी इब्रीत 'गोएल' असा शब्द आहे. इस्राएलात गोएल म्हणजे जवळचा नातलग. घरातला कर्ता गेला, जमीन हातची गेली, तर ती सोडवून द्यायची जबाबदारी त्याची. रूथच्या पुस्तकातला बवाज तोच होता. आता विचार करा. भाऊ वारल्यावर त्या पोरक्या मुलाचा गोएल कोण असायला हवा होता? काकाच ना? पहिल्या वर्षी तुम्ही औत घेऊन वहिनीच्या रानात गेलात तेव्हा तुम्ही तेच होतात. मला खात्री आहे की त्या दुष्काळात स्वतःचं कोरडं पडलेलं असताना दुसऱ्याचं रान वाहायला तुम्ही लोभानं गेला नव्हता. लोभ नंतर आला, एक-एक तासानं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मागं फिरायचं म्हणजे कुठवर फिरायचं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. तुम्हाला त्या पहिल्या वर्षापर्यंत जायचं आहे.

आपल्या लोकांना जमिनीची भूक का असते ते मला कळतं. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवताना रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या दिवाणाकडून, सालारजंगांकडून जमीन मिळवली. ज्यांना आपलं म्हणायला एक वाफा नव्हता अशांना तिथं थारा मिळाला. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांपूर्वी कुणाच्याही नावावर सातबारा नव्हता, त्या घराचा हात धुऱ्यावर घट्ट बसतो. पण हीच गोष्ट वहिनीच्या घरालाही लागू आहे. तिचा नवरा त्याच घरातला होता.

आता "देवानं क्षमा केलीच नाही का" याबद्दल. इथं तुमच्या पाळकसाहेबांशी माझं भांडण नाही. ते चुकीचं बोलले नाहीत, अर्धं बोलले. त्यांना कदाचित लिंबाचं माहीतच नसेल. तुम्ही त्यांना सांगितलंय का?

जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सगळ्यांनी म्हटलीय. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. मुलांना झाड आवडतं म्हणून आपण झाडावरच थांबतो. पुढचा क्रम नीट बघा. येशू आधी म्हणतो, "जक्कया, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे." कुणाचं काय लुबाडलंस, किती परत देतोस, असं काही विचारत नाही. लोक कुरकुरतात. आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं काही अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. क्षमा आधी दारात आली, परतफेड तिच्या मागून आली. परतफेडीनं क्षमा विकत मिळत नाही. तसं असतं तर यरीहोतल्या श्रीमंतांचं बरं झालं असतं. पण ज्याच्या घरी प्रभू उतरला त्याच्या घरातला चोरीचा माल आपोआप बाहेर पडू लागतो. नाही पडला तर पाहुणा खरंच आत आला का, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडतो. आणि शेजाऱ्यांचं काही चुकत नाही.

म्हणून तुमची क्षमा झाली नाही असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. मी एवढंच म्हणते की तुमची न येणारी झोप हा क्षमा नाकारल्याचा पुरावा नव्हे. ती देवाची मेहेरबानी असू शकते. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला दोन प्रकारच्या दुःखांविषयी लिहितो. एक देवाकडचं, ते माणसाला फिरवतं. दुसरं जगाचं, ते माणसाला मारतं. दोन्ही दुःखं रात्री सारखीच जागवतात, म्हणून ओळखायला अवघड. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा झाला होता, हे विसरू नका. त्यानं चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, निरपराध रक्त धरून दिलं असं स्पष्ट कबूलही केलं. पण ज्यांनी ती दिली होती त्यांच्याकडंच तो गेला, आणि त्यांनी "आम्हाला काय त्याचं" म्हणून हात झटकले. मग गळफास. पेत्र या शिष्यानं येशूला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला, तोही बाहेर जाऊन भडभडून रडला. पण पुढं तो समुद्राच्या काठी, कोळशांच्या विस्तवाजवळ, ज्याला नाकारलं त्याच्याच समोर बसला आणि तीनदा उत्तर दिलं. दोघांच्या रडण्यात मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो रडून झाल्यावर पाय कुणाकडं वळले त्यात. तुमचे पाय सभेकडं वळले, पाळकसाहेबांकडं वळले, आता माझ्याकडं वळलेत. एका घराकडं वळायचे राहिलेत.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. म्हणजे उपासना अर्धवट सोडून जा. एवढी घाई! तुमचे शुक्रवार माझ्या मते तिथंच ठेवायचं अर्पण आहेत.

आता कामाचं. हिशेब करू या, तो तुम्ही केला नसणार. लांबी साडेपाचशे फूट, लिंब दहा फूट आत. साडेपाच हजार चौरस फूट. गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पाच गुंठे भरतात. एकराचा आठवा भाग. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर आजघडीला वर्षाला एक क्विंटल वहिनीचं तुमच्या घरात येतं. हे हळूहळू वाढत गेलं, म्हणून बारा वर्षांचं सरासरीनं निम्मं धरा. सहा क्विंटल. 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे की घेतलेलं पूर्ण परत द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा. सात क्विंटल वीस किलो. जक्कयाच्या मापानं चोवीस क्विंटल होतील, पण तो श्रीमंत होता आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बटईच्या वर्षांत वाटणीला काही कमी दिलं असेल तर ते यात नाही. ते तुमचं तुम्हाला माहीत.

मुलाला सांगा की कोर्टकचेरी टाळायचा हाच रस्ता आहे. तुम्ही कोरलेलं रान कुठल्याही कागदावर तुमच्या नावावर चढलेलं नाही. सातबाऱ्यावर वहिनीचं क्षेत्र आजही पूर्ण असणार. म्हणजे खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको, मुद्रांक नको. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. फी तुम्ही भरायची. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो, नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. ती दोन्ही घरांत ठेवा. मोजणी दहा फुटांऐवजी बारा दाखवेल किंवा आठ. जे दाखवेल ते मान्य करायचं, तिथं घासाघीस नको. आता ज्वारी-हरभरा निघालाय, रानं मोकळी आहेत, मृगाच्या आत हे होण्यासारखं आहे. पेरणी झाली की एक वर्ष गेलं समजा, कारण उभ्या पिकात धुरा घालायला तुमचं मन परत कचरणार.

अर्ज करण्याआधी मात्र वहिनींकडं जा. नोटीस आधी पोचली तर त्यांना वाटेल तुम्ही आणखी काही गिळायला निघालात. एकटे जा किंवा बायकोला घेऊन जा. पाळकसाहेबांना नेऊ नका. पाळक सोबत असला की समोरच्या बाईला नाही म्हणता येत नाही. शास्त्रातलं एकही वचन बोलू नका. प्रार्थना करू या असंही म्हणू नका. त्या म्हणाल्या तरच करा. बोलायचं एवढंच: वहिनी, धुरा मी कोरला, इतक्या वर्षांत, इतका. मोजणी मांडतो. माल इतका होतो, तो इतक्या दिवसांत देतो. पुतण्याला मी झापलं तेव्हा तो खरं बोलत होता. हे शेवटचं वाक्य पुतण्या गावी आल्यावर त्याच्यासमोर आणि त्याच चार माणसांसमोर पुन्हा बोला. जमीन मोजून परत देता येते. पोराची गेलेली पत तशी मोजता येत नाही, म्हणून ती जिथं गेली तिथंच परत द्यावी लागते.

'मला माफ करा' हे मात्र पहिल्या भेटीत मागू नका. हे मी अनुभवानं सांगते. मी नववीत एका बोर्डिंगमध्ये होते. आम्ही तिघींनी कोठीतली गुळाची अर्धी ढेप लांबवली. आळ आला स्वयंपाकाला असलेल्या मावशींवर आणि त्यांना काढून टाकलं. आम्ही गप्प राहिलो. मी पुढं पुष्कळ प्रार्थना केल्या, पुष्कळ रडले, तुमच्यासारखीच. पंचवीसेक वर्षांनी त्यांचं गाव शोधत गेले. त्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, पाकीट पुढं केलं, माफ करा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "त्या साली माझ्या पोरीचं जमलेलं लगीन मोडलं. चोरटीची पोर म्हनून. तुला ठावं हाय का?" एवढंच म्हणाल्या. पाकीट घेतलं नाही. पाणी दिलं, आणि मी पाणी पिऊन होईस्तोवर सूप उचलून आत गेल्या. मी एसटीत बसले तेव्हा मला राग आला होता, हे कबूल करते. एवढ्या लांब आले, आणि ही बाई! मग बदनापूरच्या अलीकडं कुठंतरी लक्षात आलं की मी माफी मागायला नव्हते गेले, घ्यायला गेले होते, जणू माझी ठेवलेली वस्तू. त्यांना जे हवं होतं ते मी नेलंच नव्हतं. त्यांचं नाव मला कोरं करून द्यायचं होतं. बोर्डिंगच्या तेव्हाच्या बाई हयात होत्या, त्यांना सगळं लिहून दिलं, आमची तिघींची नावं घालून. त्यांनी ते त्या गावच्या मंडळीत वाचून दाखवलं. मावशी त्यानंतरही माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. लग्न मोडलेली मुलगी तोवर चाळिशीची झाली होती.

तेव्हा वहिनी काय करतील हे गृहीत धरू नका. त्या रडतील, ओरडतील, दार लावून घेतील, किंवा म्हणतील "मोजणी झाल्यावर बघू". चौथं सगळ्यात शक्य आहे आणि सगळ्यात रास्तही. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची, बापाची मालमत्ता उडवून परत आलेल्या पोराची गोष्ट डोक्यात ठेवून जाल तर फसाल. तिथं बाप धावत येतो, पोराचं पाठ केलेलं भाषण पुरतं ऐकूनही घेत नाही. 'तुझ्या मोलकऱ्यांत मला ठेव' हे वाक्य त्या पोराच्या तोंडातच राहतं. पण तो बाप देव आहे. वहिनी वहिनी आहेत. त्यांनी बारा वर्षं दहा फूट कमी रानात पोर वाढवलंय, धावत यायचं त्यांच्यावर बंधन नाही. तुमचं भाषण तुम्हाला शेवटपर्यंत बोलावं लागेल, मोलकऱ्याच्या वाक्यासकट.

पाळकसाहेबांना मात्र सगळं सांगा, आधी किंवा नंतर. प्रभूभोजनाच्या विधीला त्यांनी तुम्हाला काही दिवस थांबा म्हटलं तर रुसू नका. आणि मोजणी होईपर्यंत तुम्ही आपणहून थांबलात तर मला ते समजेल.

एक राहिलं. मोजणीच्या दिवशी लिंब दोरीत येतो म्हणून कुणीतरी छाटायला सांगेल, बहुतेक तुमचा मुलगाच. छाटू देऊ नका. आधी तो धुऱ्यावर होता, म्हणजे दोन्ही घरांचा होता. खुणा कुठं पडतात त्यावरून आता तो कुणाचा ते ठरेल. वहिनींच्या बाजूला पडला तर त्याखाली त्या भाकरी सोडून बसतील. तुम्ही मात्र त्या वर्षी तुमची शिदोरी दुसरीकडं सोडा, त्यांनी हाक मारेपर्यंत.